चंपा आत्याच्या सात झोळ्या

इंदूर,
१७ नोव्हेंबर १९९७

ती. पंचशीलाताईस,
रत्नपालचा सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळून महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील, पण पत्र संपेपर्यंत जरा दम धर, पुढे रागावण्यासारखं आणखीही बरंच आहे, सगळा राग एकदमच काढता येईल. तुझे गुडघे कसे आहेत? बँकेचा जिना दिवसातून एकदाच चढायचा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, तर मग दुपारचा डबा खाली मागवत जा. भाऊजींचा खोकला थांबला का? नंदिनीला बारावीचं गणित झेपतंय का? दीक्षाभूमीच्या गर्दीत भाऊजींचे बूट गेले हे वाचून वाईट वाटलं, पण चुकून ज्या चपला घालून ते घरी आले त्या बुटांपेक्षा चांगल्या निघाल्या हे वाचून बरं वाटलं (ज्या कुणाच्या असतील त्याला भाऊजींचे बूट नीट बसोत). इकडे आमच्याकडे सगळे मजेत. तुझी वहिनी म्हणते की मी लठ्ठ झालो. मी म्हणतो, मॅनेजर झालो.

एवढ्या मोठ्या पत्रात तू खरा प्रश्न एकच विचारला आहेस, तोही अगदी शेवटी, सहीच्या खाली, बारीक अक्षरात: आई कशी आहे? एका ओळीत सांगायचं तर बरी आहे. पण ती एक ओळ लिहायची हिंमत मला गेल्या तीन आठवड्यांतच आली. त्याआधी काय काय झालं ते तुला कळवलं नाही. आता कळवतो.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण या सगळ्या गडबडीत निम्मा हात माझाच आहे. मिल बंद झाली तेव्हा घडी खात्यात माझी एकोणीस वर्षं झाली होती. कापड मोजायचं, घडी घालायची, शिक्का मारायचा. त्यानंतर मी भंवरकुआंला कोचिंगवाल्या पोरांसाठी पोह्यांची गाडी लावली. देशात उदारीकरण आलं म्हणजे नक्की काय आलं हे मला पेपर वाचून कळलं नव्हतं, ते माझ्या गाडीशेजारी नूडल्सची गाडी लागली तेव्हा कळलं. (पोहे चांगले होते. तुझी वहिनी काहीही सांगो.) खैर. मग खजरान्याच्या मागच्या बाजूला हा वृद्धाश्रम निघाला आणि तिथले सेक्रेटरी शरदजी, रिटायर्ड इंजिनिअर, यांना रजिस्टर नीट ठेवणारा माणूस हवा होता. एकोणीस वर्षं कापडाच्या घड्या घातलेल्या माणसाला माणसांच्याही घालता येतील असा त्यांचा हिशेब असावा. खरं सांगतो ताई, मलाही तसंच वाटलं होतं. सहाला चहा, सातला आंघोळ, साडेआठला नाश्ता, सगळ्यांच्या कडा एका रेषेत.

एप्रिलमध्ये, जयंतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, तू तुझ्या आईला, म्हणजे माझ्या चंपा आत्याला, आमच्या आश्रमात आणून सोडलंस. तुझा तिसरा मजला, तिचं एकटीनं खाली उतरून रस्ता धरणं, तुझी नोकरी, आमची एक खोली, हे सगळं आपण बोललो होतो. डॉक्टरांनी तपासून डिमेन्शिया असं नाव सांगितलं. शरदजींनी रजिस्टरमध्ये आजाराच्या रकान्यात 'डी' असं एक अक्षर लिहिलं आणि पथ्याच्या रकान्यात 'गेट बंद'. एवढ्यात चंपा आत्या मावली. मीही खाली सही केली.

पहिले दोन महिने ठीक गेले. मग आश्रमात चोऱ्या सुरू झाल्या. आधी नॅपकिन, मग टॉवेल, मग दोरी, मग चादरी. मी तपास हातात घेतला. पहिला संशय धोब्यावर. त्याचं गाठोडं मी फाटकात उघडायला लावलं, त्यात माझीच हरवलेली बनियन निघाली, ती त्यानं इस्त्री करून आणली होती. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. दुसरा संशय यशोधरेवर. ही आमची सेविका, महूची, आजोबा पलटणीत होते, त्यामुळे पाठ ताठ आणि बोलणं कमी. तिला मी फक्त एवढंच विचारलं की चादरी कोण मोजतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घेतला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः दुपारचा पहारा द्यायचा ठरवला, आणि दोनच्या सुमारास मागच्या व्हरांड्यात, जिथे मोडक्या खाटा ठेवतो, तिथे चोर सापडला.

खिडकीच्या गजांना आणि खाटांच्या पायांना चादरींच्या झोळ्या बांधलेल्या. मोजल्या, सात. सहांत एकेक उशी, उशीवर नॅपकिन नीट पांघरलेला, सातवी रिकामी. सातही झोळ्यांची एकच दोरी, आणि दोरीचं टोक आत्याच्या पायाच्या अंगठ्याला. खाली बसून ती पालक निवडत होती (आमच्या स्वयंपाकघरातलाच, तो गेलेला कुणाच्या लक्षातही आला नव्हता) आणि अंगठा हलवला की सातही झोळ्या एका लयीत हलत होत्या. गाठी अशा पक्क्या होत्या की नंतर सोडवायला मला पाऊण तास लागला.

आता इथे एखाद्या शहाण्या माणसानं गुपचूप परत जायला हवं होतं. मी मॅनेजर. मी पुढे होऊन तिला नीट समजावून सांगितलं की आत्या, मिल बंद झाली, मिलचं पाळणाघर बंद झालं, तू आता आया नाहीस, ही मुलं नाहीत, उशा आहेत. पुराव्यासाठी एक उशी काढून दाखवलीसुद्धा. ताई, तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. उशी आहे हे तिला दिसलं. पण त्याचा अर्थ तिनं वेगळा लावला. मूल कुणीतरी नेलं आणि उशी ठेवली. आता सुट्टीत त्याची आई दूध पाजायला येईल, तिला काय सांगायचं? ती एकेक झोळी उघडून बघत गेली. मी मागे मागे, खरं काय ते सांगत. खरं सांगायची मला एवढी खाज का होती, आज कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्यासाठी फाटक उघडं राहिलं आणि आत्या गेली. रस्त्यावरच्या सवारी टेम्पोत बसून तिनं ड्रायव्हरला मिल एवढंच सांगितलं. बंद पडलेल्या मिलवर कशाला न्यायचं, म्हणून त्या भल्या माणसानं तिला पोलोग्राउंडला उतरवलं. तिथे अजून कारखाने चालू आहेत. मी स्कूटर घेऊन आधी आपली जुनी चाळ पाहिली, मग मिलचं फाटक पाहिलं (कुलूप, आणि कुलपावरही गंज), मग चौकीत गेलो. तिथल्या हवालदारानं वर्णन विचारलं तेव्हा मला आत्याच्या साडीचा रंग सांगता येईना. रोज सकाळी हजेरी घेतो मी तिची. शेवटी टेम्पोस्टँडवर पत्ता लागला. पोलोग्राउंडला एका लोखंडकामाच्या वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी चालू होती. अंगणातल्या नळापुढे पंधरा-वीस कामगार ओळीनं उभे, प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत साबणानं माखलेले, आणि ओळीच्या पुढे आत्या, प्रत्येकाची नखं तपासत. ज्याची काळी, तो परत मागे. मी फोरमनची माफी मागितली. तो म्हणाला, “अम्माजी ने बोला बच्चे को ऐसे हाथ से नहीं उठाते, तो धो लिए, भिया. इसमें क्या है.” त्यांनी तिला चहा आणि कचोरी दिली होती. मला नुसताच चहा दिला, तोही हात दाखवल्यावर.

हे शरदजींच्या कानावर गेलं. शरदजी वाईट माणूस नाही, पण त्यांचं म्हणणं असं की सिस्टिम म्हणजे सिस्टिम. फाटकाला दुसरं कुलूप आलं. डॉक्टरांना सांगून गोळी सुरू झाली, सकाळी एक, दुपारी एक. आणि मी सह्या केल्या. आठ दिवस आत्या कुठेही गेली नाही. बसवलं तिथे बसली. घास तोंडात घातला तर तो तसाच तोंडात राही. चोऱ्या थांबल्या, चादरी पुऱ्या भरल्या, रजिस्टर एकदम साफ. शरदजींनी मला शाबासकी दिली. घरी येऊन तुझ्या वहिनीला ती शाबासकी सांगायला गेलो आणि सांगता आली नाही.

नवव्या दिवशी यशोधरा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिनं विचारलं की आत्या पाळणाघरात नेमकं काय काम करायची, हे मी तिला कधी विचारलं आहे का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, माझी सख्खी आत्या आहे, मला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, “माहीत असेल भाऊ. विचारलंत का, ते विचारतेय.” आणि गेली. मी अर्धा तास जुनी बिलं उलटीपालटी केली आणि मग आत्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, आत्या, मुलं झोपत नसली की काय करायचीस गं?

मग तिचे ओठ हलले. सावकाश, जड जिभेनं, पण बोलायला लागली. सुताच्या लडी करणाऱ्या रीलिंग खात्यातल्या बायांची मुलं. कुणाला पाठीवर थोपटलेलं चालतं, कुणाला नुसता कानामागे हात. कुणाला आईच्या लुगड्याचा तुकडा लागतो. नव्या बाया घरूनच मुलाच्या तोंडात अफूची बारीक गोळी ठेवून आणायच्या, म्हणजे दिवसभर निजून राहील आणि कामावरून काढणार नाहीत. आत्या ती तोंडात बोट घालून काढायची आणि बायांशी भांडायची. हे सांगताना तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, “माझ्याकडे गोळी नाही चालत. गोळी दिलेलं मूल रडत नाही रे. पण ते हसत नाही, खातही नाही. ते मूल शांत नसतं, ते तिथे नसतं.”

तिच्या दुपारच्या गोळीची पुडी माझ्या खिशात होती.

डॉक्टरांना मी त्याच दिवशी गाठलं. ते माझ्यापेक्षा शहाणे निघाले. मी भाषण तयार करून गेलो होतो, त्यांनी दुसऱ्या वाक्यालाच थांबवलं, आधी निम्मी करू आणि मग बंद, म्हणाले. आणि हेही म्हणाले की तिला हाताला काम द्या, तिचं ओळखीचं काम. महिनाभरात आत्या परत चालायला, जेवायला आणि मला रागवायला लागली. जुन्या चादरींच्या झोळ्या आम्ही स्वतःच बांधून द्यायला गेलो. तिनं आमच्या गाठी बघितल्या, सोडल्या आणि परत बांधल्या.

पण उशांवर ती किती दिवस राहणार? एका दुपारी ती व्हरांड्यातून उठून सरळ पुरुषांच्या हॉलमध्ये गेली. तिथे आमचे गजाननराव. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, त्यामुळे गजाननराव स्वतः आयुष्यभर पोस्टात असले तरी बोलणं घोड्यावरूनच. झोप नाही, कुणाला अंगाला हात लावू द्यायचे नाहीत, जेवणाचं ताट रोज एकदा तरी जमिनीवर. आत्या आश्रमात आली त्या दिवशी त्यांनी तिचं आडनाव विचारून घेतलं होतं आणि आपलं पाण्याचं मडकं खिडकीच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं होतं. आत्यानं पाहिलं की नाही माहीत नाही. मी पाहिलं होतं. तर आत्या सरळ त्यांच्या खाटेवर जाऊन बसली. मी दारातून धावलो, कारण आता ताट उडणार. यशोधरेनं माझा सदरा मागून धरला. आत्यानं ओल्या नॅपकिननं त्यांचं तोंड पुसलं, डोळ्यांचे कोपरे, कानांच्या मागे, हनुवटीखाली, आणि कानामागे हात ठेवून बसली. गजाननराव डोळे मोठे करून बघत राहिले. मग म्हणाले, “मला कुणी विचारतच नाही.” आत्या म्हणाली, “विचारते ना मी. निजून उठलास की सांग.” दहा मिनिटांत त्यांचं घोरणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. उठल्यावर तिच्या हातानं वाटीभर दूध प्यायले आणि तिला घोड्यांबद्दल सांगत बसले, पाऊण तास. मडकं कुठल्या बाजूला होतं ते त्यांनी बघितलं नाही.

त्या दिवसापासून दुपारी दोनला पूर्ण आश्रम झोपतो. आत्या एकेक खाट घेते. कुणाला थोपटणं, कुणाला नुसता हात. यशोधरा तिच्यामागे वही घेऊन फिरते आणि कुणाला काय लागतं ते लिहून घेते, कारण आत्याला उद्या आठवेल याची खात्री नाही (पण हाताला आठवतं, हे आम्ही रोज बघतो).

आता शरदजींचं सांगतो. ऐन दोन वाजता ते एका महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना आश्रम दाखवायला घेऊन आले. त्यांना चाळीस म्हातारे स्वच्छ कपड्यांत बसून भजन करताना दाखवायचे होते. आत आले तर चाळीस म्हातारे घोरताहेत. शरदजींनी मला हाक मारायला तोंड उघडलं आणि आत्यानं ओठांवर बोट ठेवलं. मग जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, हाताला धरलं आणि रिकाम्या खाटेवर बसवलं. बूट काढले. मोजे काढले. शरदजी मला खुणा करत होते की काहीतरी कर, आणि मी छताकडे बघत होतो. बाईंसमोर तमाशा नको म्हणून ते आडवे झाले. ताई, तो माणूस पावणेदोन तास झोपला. अध्यक्षीणबाईंना व्हरांड्यात बसवून आत्यानं त्यांच्या हातात झोळ्यांची दोरी दिली होती, त्यांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही. आता दर मंगळवारी येतात, स्वतःचं स्टूल घेऊन.

उठल्यावर शरदजी माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नोटीस लागली: सक्तीची विश्रांती, दुपारी दोन ते साडेतीन. म्हणजे त्यांनी आत्याचीही सिस्टिम केली. पण त्याच दिवशी रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखून मागितला. आजाराच्याही आधी. 'पूर्वी काय करत, काय आवडते, कशाने रडू येते.' स्वतः फिरून भरतात. काल बघितलं तर गजाननरावांच्या नावापुढे दीड पान झालं होतं, सगळे घोडे.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. जूनमध्ये तू आलीस, दारातच आत्या तुला म्हणाली, हात धुऊन ये बाई, खातं कोणतं तुझं, मूल कोणतं? तू हात धुतलेस आणि तशीच फाटकाबाहेर गेलीस. तेव्हापासून आली नाहीस. मी तुला दोष देत नाही. लहानपणी तू मला सांगायचीस की आई जगाच्या मुलांना आधी घ्यायची आणि तुला शेवटी, आणि आता तर शेवटीही घेत नाही असं तुला वाटलं असणार. तर ऐक. त्या सातव्या झोळीत ती कधी उशी ठेवत नाही. गेल्या आठवड्यात मी विचारलं, ही कुणाची गं? म्हणाली, ही माझ्या पंचीची. पंची शहाणी आहे, शेवटी घेतलं तरी रडत नाही, म्हणून तिला शेवटी घेते. आणि मग म्हणाली, “पण घरी जाताना तिला चालू देत नाही मी. दिवसभर थांबते माझ्यासाठी. मिलपासून चाळीपर्यंत कडेवर नेते.”

तुला हे आठवतं का मला माहीत नाही. मला आठवतं. मी त्याच रस्त्यानं तुमच्या मागून चालत यायचो आणि मला तुझा फार राग यायचा.

भाऊजींना जयभीम, नंदिनीला आशीर्वाद. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ,
रत्नपाल

ता. क. : एक बारीक गोष्ट राहिली. सप्टेंबरमध्ये शरदजींनी एक फॉर्म टाइप करून घेतला होता, की सदर महिलेस अन्य संस्थेत हलवण्यास माझी हरकत नाही, खाली तुझं नाव. तो तुला पाठवण्यासाठी माझ्याकडे दिला. तो माझ्या खणात आहे. त्यांनी दोनदा विचारलं, मी नागपूरच्या टपालाला नावं ठेवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की उत्तर आलं, ठाम नकार आहे, आणि शब्द फार कडक आहेत. त्यांनी शब्द विचारले. मी तुझ्या वतीनं चार सांगितले. आता त्यांचं स्वतःचं मन बदललं आहे, पण फाइल पुरी करायची म्हणून ते तुला फोन करणार आहेत. तर कृपा करून नाही म्हण. ते चार शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडले आहेत, पाठ कर.

ता. क. २ : हे पत्र यशोधरेनं वाचलं. ती म्हणते की सदरा धरायच्या आधी मी गजाननरावांच्या ताटापासून लांब पळत होतो, त्यांच्याकडे नाही. असेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना आत्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कुणाला लिहितोस म्हणून विचारलं. मी म्हटलं, नागपूरला एक बाई आहे, नोकरी करते, यायला घाबरते. आत्या म्हणाली, “पहिल्यांदा सगळ्याच घाबरतात. लिही तिला, इथली आया चांगली आहे. बिनधास्त ये म्हणावं.”